‘पुअर टर्नआउट’ म्हणजे नेमके किती जण?

मागच्या २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपल्या मंडळाने वाचनाचा कार्यक्रम ठेवला होता. छोट्या सभागृहात ४० खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूने नाव लिहिलं, चहा सांगितला. माणसं आली अकरा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला इंग्रजीत अहवाल द्यायचा असतो, अर्ध्या पानाचा. त्यात तारीख, विषय, पाहुण्यांचं नाव वगैरे भरून झाल्यावर शेवटच्या ओळीत मी लिहून टाकलं : ‘देअर वॉज अ पुअर टर्नआउट’. विचार करून लिहिलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या अहवालातही हीच ओळ होती, त्याच्या आदल्या वर्षीही होती. मी फक्त तारखा बदलल्या.

आठ दिवसांनी फादरांनी बोलावलं. आपले फादर मंगळुरूकडचे, घरी कोंकणी बोलणारे. मराठी त्यांना बऱ्यापैकी कळतं, पण इंदुरात इतकी वर्षं काढल्यामुळे बोलतात हिंदीच. माझा अहवाल समोर ठेवून म्हणाले, “बेटा, ये पुअर मतलब कितने लोग?” मी म्हटलं, “फादर, ग्यारह.” “तो ग्यारह क्यों नहीं लिखा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेबलावर एक फाईल उघडी होती. पुढच्या सत्रापासून मराठी मंडळ हिंदी परिषदेत विलीन करावं, असा प्रस्ताव तीत होता. कारण म्हणून एकच वाक्य : सलग तीन वर्षं ‘पुअर टर्नआउट’. पुरावा म्हणून तीन अहवाल जोडलेले. त्यातले दोन मी लिहिलेले होते.

त्या दिवसापासून मी या दोन शब्दांच्या मागे लागले. इंग्रजीच्या मॅडमना छळलं, कोश उघडले, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं पाहिली. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी असा अहवाल लिहावा लागतोच, आणि माझ्यासारखं कुणाचं होऊ नये.

आधी ‘टर्नआउट’. शब्द सरळ आहे, ‘टर्न’ आणि ‘आउट’, म्हणजे बाहेर पडणं. आपल्या घरातून, आपल्या कामातून उठून लोक एखाद्या ठिकाणी आले, ही त्यातली कल्पना. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांच्या संपालाही हाच शब्द होता, कारण कामगार काम टाकून बाहेर पडत. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’ या १८५४-५५ मधल्या कादंबरीत संपाला हाच शब्द आहे. म्हणजे या शब्दात माणसाची स्वतःची मर्जी आहे. यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. म्हणून सभा, मिरवणूक, मतदान, अंत्ययात्रा यांना टर्नआउट शोभतो. वर्गाला शोभत नाही. सोमवारी पहिल्या तासाला पाचच जण आले तर तो ‘पुअर टर्नआउट’ नव्हे, ती ‘पुअर अटेंडन्स’. तिथे येणं बंधनकारक असतं, पट असतो, ७५ टक्क्यांची अट असते, आणि ती पुरी झाली नाही की आपण सगळेच म्हणतो तसं “अटेंडन्स शॉर्ट आहे” ऐकून घ्यावं लागतं.

‘अटेंडन्स’चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ ‘एखाद्या गोष्टीकडे ताणून धरणं’ असा. मन तिकडे लावणं, मग जवळ थांबणं, मग सेवेला हजर असणं, असा तो सरकत आला. आपल्याकडे ‘हजेरी’ हा शब्द अरबी ‘हाजिर’पासून आला. ‘उपस्थिती’ संस्कृतातून, ‘उप’ आणि ‘स्था’, म्हणजे जवळ उभं राहणं. मला गंमत वाटली ती ही की, या तिन्ही शब्दांत मूळचा आकडा कुठेच नाही. मोजणं नंतर आलं. मराठीत तर हजेरी फारच मोकळी सुटली आहे. पाऊसही हजेरी लावतो, मास्तर पोराची हजेरी घेतात तेव्हा नाव पुकारत नाहीत तर झापतात, आणि कामगार आला नाही तर त्याची गैरहजेरी म्हणण्यापेक्षा ‘खाडा’ म्हणणं सोपं पडतं.

आता खरी गोम ‘पुअर’मध्ये आहे. पुअर म्हणजे कमी असं आपण धरून चालतो. पण कमीला इंग्रजीत ‘लो’ आहे, ‘स्मॉल’ आहे. ‘स्मॉल ऑडियन्स’ म्हटलं की श्रोते थोडे होते, एवढंच कळतं; ते चांगलं की वाईट, याबद्दल काही कळत नाही. एखाद्या बैठकीत गाणं ठेवलं तर स्मॉल ऑडियन्सच हवा असतो. ‘लो अटेंडन्स’ म्हणजे आकडा खाली होता. ‘थिन अटेंडन्स’ म्हणजे माणसं विखुरलेली, मधे मोकळ्या जागा. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी सरकारी कचेऱ्यांबद्दल हे हमखास छापतात. ‘पुअर’ मात्र निकाल देतो. अपेक्षा होती तेवढे आले नाहीत, जेवढे यायला हवे होते तेवढे आले नाहीत, असं तो सांगतो. अपेक्षा कुणाची, किती, हे सांगत नाही. शिवाय ‘पुअर ऑडियन्स’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते श्रोते गरीब होते असंही वाटू शकेल. आमच्या एका माजी सचिवाने एकदा मराठी अहवालात ‘उपस्थिती गरीब होती’ असं लिहिल्याची कथा मंडळात सांगतात. खरी की रचलेली, देव जाणे.

‘पुअर’ला माप लागतं, हे मतदानात सर्वांत स्पष्ट दिसतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साधारण ४५ टक्के मतदान झालं. २०१९ च्या लोकसभेला ६७ टक्क्यांच्या थोडं वर गेलं. आज ४५ टक्के झालं तर सगळी वर्तमानपत्रं ‘पुअर टर्नआउट’ म्हणतील. पण बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, स्वतंत्र देशाची अशी निवडणूक आधी कुणी पाहिली नव्हती, अशा वेळचे ४५ टक्के पुअर म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तिथे निदान मतदारयादी असते. शंभरातले किती, हे काढता येतं. आमच्या वाचनाला यादी कुठली? ४० हा आकडा श्रोत्यांचा नव्हता, खुर्च्यांचा होता. शिपाईदादांनी विचारलं, “किती लावू?” मी म्हटलं, “लावा चाळीसेक.” एवढ्यावर तो आकडा उभा होता. पंचवीस लावायला सांगितल्या असत्या तर तेच अकरा जण बरे दिसले असते.

एक चूक इथे सांगून टाकते, कारण ती इंदुरात मी रोज ऐकते. ‘व्हेरी लेस पीपल केम’. हे मराठी-हिंदीतून आलेलं इंग्रजी आहे. आपल्याकडे ‘कमी’ एकच. पाणी कमी, मीठ कमी, माणसंही कमी. हिंदीतही ‘कम’ एकच. इंग्रजी मात्र मोजता येणाऱ्याला वेगळं आणि न मोजता येणाऱ्याला वेगळं ठेवते. पाण्याला ‘लेस’, माणसांना ‘फ्यू’. त्यातून ‘लेस’ म्हणजे ‘त्यापेक्षा कमी’, तो तुलनेचा शब्द आहे, त्याला ‘व्हेरी’ चिकटत नाही. म्हणून ‘व्हेरी फ्यू पीपल केम’. आणि ‘स्ट्रेंथ वॉज लेस’ हेही आपलं खास. ‘स्ट्रेंथ’ म्हणजे पटावरची संख्या, हा अर्थ फौजेतून आलेला आहे. आज किती आले, याच्याशी त्याचा संबंध नाही.

याच ‘फ्यू’ची एक बारीक गंमत आहे, आणि ती कळल्यावर मला मराठीचं फार कौतुक वाटलं. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही लोक आले. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसे कुणी आलेच नाहीत. इवलासा ‘अ’ काढला की सूर पडतो. शाळेत हे पाठ करताना माझी दरवेळी गफलत व्हायची. पण मराठीत आपण हेच काम एका ‘च’ने करतो. ‘थोडे लोक आले.’ ‘थोडेच लोक आले.’ ‘मोजके लोक होते’ म्हणजे निवडक, जाणते. यजमानाने मुद्दाम बोलावलेले. ‘मोजकेच लोक होते’ म्हटलं की यजमानाचा चेहरा पडलेला दिसतो. इंग्रजी काढून जे सांगते ते आपण जोडून सांगतो. हे एकदा लक्षात आल्यावर पुन्हा माझा गोंधळ झाला नाही.

मग मी विचार केला, अहवाल मराठीत लिहायचा असता तर काय लिहिलं असतं? शब्दांची काही कमी नाही. उलट एवढे आहेत की निवडताना चुकायला होतं.

‘मूठभर’ घ्या. इंग्रजी ‘हँडफुल’ तोच दिसतो. पण तसा नाही. इंग्रजीत हँडफुल म्हटलं की थोडे, बस. आपल्याकडे मूठ, पसा, ओंजळ, चिमूट ही घरातली मापं. त्यामुळे मूठभर म्हणजे थोडं हे बरोबरच. पण मराठी माणसाच्या कानात ‘मूठभर’च्या मागोमाग ‘मावळे’ येतात. तिथे थोडे असणं हा अभिमान आहे. किंवा मग ‘मूठभर लोकांच्या हाती सत्ता’, तिथे राग आहे. ‘मूठभर श्रोते’ लिहिलं की यातलं काहीच नीट बसत नाही.

‘चिटपाखरूही नव्हतं’, ‘शुकशुकाट होता’, ‘सामसूम होती’ हे शब्द कुणीच नसेल तेव्हाचे. अकरा माणसं बसलेली असताना शुकशुकाट म्हणणं म्हणजे त्या अकरांना माणसात न धरणं. ‘बोटावर मोजण्याइतके’ हे दहाच्या आतलं, अकराव्याला बोट कुठून आणायचं, असं मी म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, “अगं, पायाची आहेत ना.” ‘श्रोत्यांनी पाठ फिरवली’ हे वर्तमानपत्रांचं लाडकं. त्यात आरोप आहे. जे आले नाहीत त्यांनी ठरवून पाठ फिरवली, असा अर्थ निघतो. खरं तर त्या दिवशी बी.कॉम.वाल्यांची अंतर्गत परीक्षा होती, आणि ते मला आधी माहीत असायला हवं होतं. ‘अल्प प्रतिसाद’ त्यातल्या त्यात सोज्वळ, पण तोही आकडा लपवतो. वर आलेल्यांनी जो प्रतिसाद दिला तो अल्प नव्हता. एका आजींनी तर दोन कविता पाठ म्हणून दाखवल्या.

इंदूर असल्यामुळे आपल्याला हिंदीचंही बघावं लागतं. इथल्या हिंदी बातम्यांत ‘उपस्थिति नगण्य रही’ असं येतं, आणि आपल्यातले काही जण ते उचलून मराठीत ‘उपस्थिती नगण्य होती’ लिहितात. हिंदीत ते आता नुसतं ‘फारच कमी’ या अर्थी चालतं. मराठी कानाला मात्र ‘नगण्य’ म्हणजे ज्याची गणतीच करू नये असा, क्षुल्लक. आलेल्या माणसाला नगण्य म्हणायचं, आणि पुढच्या महिन्यात त्यालाच निमंत्रण पाठवायचं! त्यापेक्षा घरी बोलतो तसं “इक्के-दुक्केच लोक होते” परवडलं. निदान त्यात कुणाचा अपमान नाही.

मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘तुरळक’. खरा मराठी, ऐकायला छान, आणि इंग्रजी ‘थिन’च्या अगदी जवळचा. पण हवामान खात्याचं वाचलं आणि तिथेही अडकले. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हे आपण रोज ऐकतो. ते नुसतं बोलणं नाही, त्यामागे हिशोब आहे. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के झाला तर ‘काही ठिकाणी’. त्याच्या वर गेला की शब्द पुन्हा बदलतो. आता ४० खुर्च्यांत अकरा माणसं म्हणजे साडेसत्तावीस टक्के. हवामान खात्याच्या मापाने आमचा कार्यक्रम तुरळक नव्हताच! हा विनोद मी मंडळाच्या बैठकीत सांगितला, कुणी फारसं हसलं नाही. पण मुद्दा खरा आहे. पावसाचं बोलताना ज्यांच्यावर शेतकऱ्याची पेरणी अवलंबून असते त्यांनी शब्दाला आकडा बांधून ठेवला. आपण माणसांबद्दल लिहिताना तसं काही केलेलं नाही.

सभा चालवणाऱ्यांनी मात्र केलेलं आहे. ‘कोरम’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘ज्यांपैकी’. इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या कागदात ‘ज्यांपैकी अमुक जण असलेच पाहिजेत’ अशी भाषा असे, त्यातून तो आला. मराठीत आपण त्याला ‘गणपूर्ती’ केलं. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १०० मध्ये सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या एक दशांश अशी गणपूर्ती ठरवलेली आहे, म्हणून लोकसभेत ५५ आणि राज्यसभेत २५ सदस्य लागतात. ५५ असले तर सभा चालते. ५४ असले आणि कुणी लक्ष वेधलं तर थांबते. पुअर की गुड असा प्रश्न तिथे येत नाही. आणि आपल्या मराठी संस्थांनी तर त्यातूनही वाट काढलेली आहे. वार्षिक सभेच्या कुठल्याही नोटिशीच्या तळाशी बघा. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही, अशी टीप असतेच. माझे आजोबा अशा सभांना मुद्दाम अर्धा तास उशिरा जात. म्हणत, “खरी सभा तेव्हाच सुरू होते.”

धर्मातही हा आकड्याचा विचार आहेच. ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ लागतात. आपल्या प्रार्थनागृहात फादर ज्या वचनाचा उल्लेख अनेकदा करतात, मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या, त्यात दोघातिघांवर भागतं. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तिन्ही हिशोबांनी तुम्ही पास. उगाच पुअर लिहून बसलात.”

आता कुत्र्याची गोष्ट. इंग्रजीत कमी प्रेक्षकांबद्दल एक म्हण आहे, ‘वन मॅन अँड हिज डॉग’. एक माणूस आणि त्याचा कुत्रा, एवढेच आले होते. कौंटी क्रिकेटच्या रिकाम्या मैदानांबद्दल ती फार वापरतात. आपल्याकडे रणजीच्या सामन्यांबद्दल लिहिणारेही वापरतात, कधी दोन माणसं, कधी तीन, कुत्रा मात्र एकच. कुरणात गवत कापायला जाणाऱ्या माणसाचं आणि त्याच्या कुत्र्याचं एक जुनं बालगीत तिकडे पोरांना पाठ असतं, आणि १९७६ पासून बीबीसीवर मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धांचा याच नावाचा कार्यक्रमही होता. तिकडे कुत्रा माणसासोबत येतो आणि संख्येत जमा होतो. आपण नेमकं उलटं म्हणतो, ‘काळं कुत्रंही फिरकलं नाही’. आपल्याकडे कुत्रं न येण्यानेच मोजलं जातं. दोन्हीकडे कुत्राच का, हे मला सांगता येणार नाही. पण आमच्या कार्यक्रमाला एक कुत्रा खरोखर आला होता. दारात पंख्याचं वारं येतं तिथे शेवटपर्यंत झोपला होता. तपकिरी होता, त्यामुळे म्हण खोटी पडली असं म्हणता येत नाही.

‘थिन ऑन द ग्राउंड’ हीसुद्धा ब्रिटिशांची. अर्थ, थोडे आणि विखुरलेले. माणसांनाच नव्हे, चांगल्या नळकारागिरांनाही लावतात. यातल्या ‘ग्राउंड’चं भाषांतर करायला जाऊ नका. आपल्या ‘विरळ’मध्ये ते सगळं आहे. पेरणी दाट झाली की शेतकरी रोपं उपटून विरळणी करतो, उरलेली जोमाने वाढावीत म्हणून. तिथे विरळ असणं हे मुद्दाम केलेलं आणि चांगलं असतं. ‘गर्दी नको, दर्दी हवेत’ हे आपल्या गाण्याच्या बैठकांतलं ठरलेलं समाधानही याच जातीचं. खरं सांगायचं तर मला ते आवडत नाही. कार्यक्रम पडला की आयोजक ते म्हणतात. हाऊसफुल्ल झाल्यावर दर्दींची आठवण काढणारा आयोजक अजून मला भेटायचा आहे.

हे सगळं करून मी मंडळाची सह्यांची नोंदवही काढली. तीन अहवाल, तीनदा तीच ओळ. पण नोंदवहीत पहिल्या वर्षी ३८ सह्या होत्या. तो कार्यक्रम २५० खुर्च्यांच्या मोठ्या सभागृहात झाला होता, म्हणून कुणीतरी पुअर लिहिलं. दुसऱ्या वर्षी १४. या वर्षी ११. म्हणजे ३८ लाही पुअर आणि ११ लाही पुअर. मला वाटलं होतं, आकडे काढले की आमची बाजू बळकट होईल. अर्धीच झाली. ३८ वरून एकदम १४ वर येणं ही खरी वाईट बातमी होती, आणि त्या एका ओळीने ती दोन वर्षं झाकून ठेवली. पहिल्या वर्षी ३८ आणि दुसऱ्या वर्षी १४ असं लिहिलं गेलं असतं तर मलाही ते दिसलं असतं. काय झालं, चोवीस जण कुठे गेले, हे मी तेव्हाच विचारलं असतं. आता विचारलं तर कळलं की त्यातले बरेचसे शेवटच्या वर्षाचे होते, बाहेर पडले, आणि नवीन कुणाला आपण बोलावलंच नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गांत मराठी घरातली मुलं आहेत. हजेरीपटावरची आडनावं वाचली तरी कळतं. घरी मराठी बोलतात, वाचता येत नाही म्हणून लाजतात.

आणखी एक सापडलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपण जे वाचन करतो, त्याला आठ-नऊ माणसं ठरलेली येतात. शहरातले दोन काका, त्या आजी, ग्रंथालयातल्या ताई आणि आपण पाचजण. वर्षभर ती संख्या हललेली नाही. याचा अहवाल कधी ऑफिसला गेलाच नव्हता, कारण ‘मोठा कार्यक्रम नाही’ म्हणून कुणी लिहिलाच नाही.

मग मी अहवाल नव्याने लिहून दिला. ‘इलेव्हन पीपल अटेंडेड’ एवढंच वाक्य, पुढे त्याच वेळी असलेल्या परीक्षेची नोंद, खाली तीन वर्षांचे आकडे आणि महिन्याच्या वाचनाचे वेगळे. पुअर, थिन, डिसअपॉइंटिंग यातलं काही नाही. फादरांनी वाचला, १४ या आकड्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारलं, “यहाँ क्या हुआ था?” जे कळलं होतं ते सांगितलं. त्यांनी अहवाल फाईलला लावला. प्रस्ताव जूनमध्ये व्यवस्थापन समितीपुढे जाणार आहे. काय होईल ते तेव्हा कळेल.

पुढचं वाचन पहिल्या शनिवारी, दुपारी ४ वाजता, खोली क्रमांक १४ मध्ये. खुर्च्या पंधरा सांगितल्या आहेत. जास्त आले तर शेजारच्या वर्गातून बाक ओढू. वाचता येत नसलं तरी या, ऐकायला बसा. आल्यावर नोंदवहीत सही मात्र आठवणीने करा. २७ फेब्रुवारीला दोघं सही न करता चहा घेऊन गेले असं मॅडम म्हणतात, आणि त्यांच्या मते आम्ही तेरा होतो. मी अकराच मोजले होते. नोंदवहीतही अकराच आहेत, पण मॅडम ऐकत नाहीत.